दिवाण कोणाचा?

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानचा जो प्रदेश जिंकून घेतला त्याचा इतिहास लढायांच्या क्रमाने सांगता येतो. जो प्रदेश तिने जिंकला नाही, परंतु जेथे तिच्या इच्छेविरुद्ध पानही हलत नसे, त्याचा इतिहास तितक्या सरळपणे सांगता येत नाही. तेथे गादी जुन्याच घराण्याची असे, सनदांवर शिक्का त्याचाच उमटे, सणावारी दरबारही पूर्वीच्याच थाटात भरे. बदललेले असे ते एवढेच, की शहराबाहेर एक मोठी कोठी उभी राहिलेली असे आणि राज्याचा दिवाण वरचेवर तिकडे जाताना लोकांना दिसे.

अशा राज्यांतील रयतेच्या मनात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिला होता: हा दिवाण कोणाचा? आपल्या धन्याचा, की कोठीतल्या साहेबाचा? हा संशय कितपत साधार होता आणि तो कोठे वाट चुकला, हे काही दरबारांच्या उदाहरणांवरून पाहण्यासारखे आहे.

कोठीतला हा साहेब म्हणजे रेसिडेंट. प्रारंभी त्याचे काम वकिलाचे होते. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी वकील ठेवण्याची चाल हिंदुस्थानात जुनीच होती. त्यामुळे कंपनीचा वकील आपल्या राजधानीत राहतो यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही. लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल असताना, म्हणजे १७९८ ते १८०५ या काळात, हे नाते पालटले. तैनाती फौजेच्या तहान्वये कंपनीची पलटणे राजाच्या संरक्षणासाठी त्याच्या राज्यात येऊन राहू लागली व त्यांचा खर्च राजाच्या माथी बसला. हा खर्च रोकडीने नियमित देणे बहुतेक दरबारांना जमले नाही. मग त्यापोटी मुलूख तोडून देण्यात आला. वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) पेशव्याने सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख असाच लिहून दिला.

या तहांतील फौजेच्या कलमाकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु तितकेच परिणामकारक असे आणखी एक कलम होते. कंपनीला विचारल्याशिवाय राजाने दुसऱ्या कोणत्याही दरबाराशी पत्रव्यवहार करू नये, हे ते कलम होय. त्यामुळे शेजारच्या राज्यात काय चालले आहे हे राजाला रेसिडेंटच्या तोंडून कळू लागले, आणि राजाच्या मनात काय आहे हे कलकत्त्याला रेसिडेंटच्या लेखणीतून. राजाच्या दरबारातील बित्तंबातमी मात्र अखबारनवीस नेमून रेसिडेंट रोजच्या रोज मिळवीत असे. एक खिडकी सदैव उघडी आणि दुसरी कायमची बंद, अशी ही व्यवस्था होती. रेसिडेन्सीतला मुनशी पगाराने सामान्य कारकून असला तरी शहरातले भलेभले त्याच्या दारी तिष्ठत, ते याचमुळे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. या दरबारांच्या अंदाधुंदीविषयी, विलासीपणाविषयी आणि कारस्थानांविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्याचा मोठा भाग रेसिडेन्सीच्या दप्तरांतून आलेला आहे. ज्याला हस्तक्षेपाचे कारण हवे होते, त्यानेच ही टिपणे लिहिली. ती सर्वस्वी खोटी नव्हेत. पण साक्षीदार आणि फिर्यादी एकच आहे, हे वाचकाने विसरता कामा नये.

पुण्याच्या दरबारात दुटप्पी निष्ठेचा प्रश्न खुर्शेदजी जमशेदजी मोदी याच्या निमित्ताने उघडा पडला. हा पारशी गृहस्थ रेसिडेन्सीच्या चाकरीत होता. पेशवे आणि रेसिडेंट यांच्यातील बोलणी त्याच्यामार्फत चालत. दुसऱ्या बाजीरावाने त्यालाच कर्नाटकाची सरसुभेदारी दिली. एकाच माणसाच्या अंगावर दोन्ही सरकारांची वस्त्रे आली. १८११ मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या एल्फिन्स्टनने त्याला दोहोंपैकी एक चाकरी निवडण्यास सांगितले, तेव्हा त्याने रेसिडेन्सीची निवडली. १८१५ मध्ये विषप्रयोगाने त्याचा अंत झाला. विष कोणी दिले, की त्याने स्वतःच घेतले, याचा उलगडा कधीच झाला नाही. खुर्शेदजी लोभी होता किंवा नव्हता, हा प्रश्न गौण आहे. ज्या दरबारात पेशव्यापाशी पोहोचण्याची वाट रेसिडेन्सीतून आणि रेसिडेंटपाशी पोहोचण्याची वाट त्याच एका माणसाच्या ओसरीवरून जात होती, तेथे त्याचे महत्त्व वाढणे अटळ होते.

लाच हा परकीय प्रभावाचा सर्वांत ढोबळ प्रकार. त्याहून टिकाऊ प्रकार म्हणजे हमी. अयोध्येचा राजा गाझीउद्दीन हैदर याने १८२५ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धासाठी कंपनीला एक कोट रुपयांचे कर्ज दिले. हे कर्ज फेडावयाचे नव्हते; दरसाल शेकडा पाच प्रमाणे त्याचे व्याज राजाने नेमलेल्या व्यक्तींना निवृत्तिवेतन म्हणून कायम मिळावयाचे होते. या वेतनाला ‘वसिका’ म्हणत. पैसा राजाचा, पण तो मिळण्याची हमी कंपनीची. हे वेतन मिळणाऱ्यांत राजाच्या कुटुंबातील स्त्रिया होत्या, तसाच त्याचा वझीर आगा मीर हाही होता. पुढच्या राजाच्या कारकिर्दीत आगा मीर पदच्युत झाला, तेव्हा इंग्रजांच्या आश्रयाने तो कानपुरास सुखरूप जाऊन राहिला. राजाची मर्जी फिरली तरी आपले, आपल्या बायकामुलांचे आणि आपल्या ठेवीचे काय होणार, याची चिंता ज्या मंत्र्याला उरली नाही, तो राजाला कितीसा भिणार? आणि रेसिडेंटला तो किती जपणार? आगा मीराला कोणी फितूर करण्याची आवश्यकताच नव्हती.

दक्षिणेकडे त्रावणकोरात हाच खेळ वेगळ्या रीतीने रंगला, आणि त्यात संशयाची दोन्ही टोके एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतात. वेलु तंपी हा मूळचा लोकांचा पुढारी. जुलमी कारभाऱ्यांविरुद्ध १७९९ मध्ये जो उठाव झाला त्याच्या अग्रभागी तो होता, आणि त्यातूनच तो दळवा म्हणजे मुख्य प्रधान या पदास चढला. रेसिडेंट कर्नल मेकॉले याचा त्याला पाठिंबा होता. १८०४ मध्ये नायर सैनिकांचे भत्ते कमी केल्यावरून राज्याच्या फौजेने बंड केले. ज्या माणसाला लोकांनी डोक्यावर घेतले होते त्याच्याच जिवावर सैनिक उठले. तेव्हा वेलु तंपीने कोचीला जाऊन मेकॉलेचा आश्रय घेतला, आणि कंपनीच्या पलटणी बरोबर घेऊन तो परतला. १८०५ चा नवा तह या उपकाराची किंमत होती. कंपनीला द्यावयाची रक्कम त्याने वर्षाला आठ लाख रुपयांवर गेली.

ही रक्कम थकत गेली, मेकॉलेचा तगादा वाढत गेला, आणि १८०८ च्या अखेरीस त्याच वेलु तंपीने कोचीच्या पालियत अच्चनच्या साहाय्याने मेकॉलेच्या निवासस्थानावर हल्ला चढविला. मेकॉले निसटला. जानेवारी १८०९ मध्ये कुंडरा येथून वेलु तंपीने आपला प्रसिद्ध जाहीरनामा काढला. कंपनीचा हेतू मैत्रीचा नसून राज्य गिळण्याचा आहे, असा त्याचा आशय होता. बंड मोडले, राजाने वेलु तंपीशी असलेला संबंध नाकारला, नवा दळवा उम्मिणि तंपी त्याच्या पाठलागावर निघाला. मण्णटी येथील देवळात वेलु तंपीचा अंत झाला. त्याचे प्रेत त्रिवेंद्रमजवळ कण्णम्मूल येथे टांगण्यात आले. केरळात आज त्याची स्मृती स्वातंत्र्यवीर म्हणून जतन केली जाते, आणि ते योग्यच आहे. पण १८०५ मध्ये त्रावणकोरातील एखाद्या नायर सैनिकाला विचारले असते, तर त्याने दळव्याची गणना कोणत्या बाजूस केली असती, हे सांगावयास नको.

याच्या पुढची घटना अधिकच विलक्षण आहे. १८१० मध्ये राणी गौरी लक्ष्मीबाई गादीवर आली. उम्मिणि तंपीवर तिचा विश्वास नव्हता. १८११ मध्ये तिने त्याला दूर केले आणि त्याच्या जागी नेमले ते खुद्द रेसिडेंट कर्नल जॉन मन्रो यालाच! १८१४ पर्यंत तो एकाच वेळी कंपनीचा रेसिडेंट आणि त्रावणकोरचा दिवाण होता. रेसिडेंट म्हणून तो जे मागे ते दिवाण म्हणून तोच देई. लोकांच्या संशयाला आता जागाच उरली नाही, कारण लपविण्यासारखे काही राहिले नव्हते. आणि तरीही इतिहासाला हे नोंदवावे लागते, की या परक्या दिवाणाने लाचखाऊ अधिकाऱ्यांना शासन केले, कित्येक जाचक कर उठविले, न्यायालये स्थापिली. गुलामांच्या खरेदी-विक्रीला बंदी करणारा राणीचा १८१२ चा जाहीरनामाही त्याच्याच काळातला. साडेतीनशेच्या सुमारास देवस्थानांची मालमत्ता त्याने सरकारजमा केली, तीही त्याच धडाक्याने. कंपनीची थकबाकी अर्थातच चुकती झाली. कारभार सुधारला, परंतु त्याचा जाब विचारण्याची जी काही थोडीफार शक्ती दरबारात होती, ती संपली.

हैदराबादची कथा सर्वांत दीर्घ आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळची. कारण तिची किंमत वऱ्हाडने मोजली.

वेलस्लीच्या पद्धतीचा पहिला तह निजामाशीच झाला, १ सप्टेंबर १७९८ रोजी. निजामाच्या पदरी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार झालेली सुमारे चौदा हजारांची फौज होती; ती त्याच वर्षी बरखास्त करविण्यात आली. १८०० च्या तहाने म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला सर्व मुलूख निजामाने कंपनीला परत केला. रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने शहराबाहेर, मुसा नदीच्या उत्तर तीरावर, भव्य खांबांची रेसिडेन्सी बांधविली; तिचा खर्चही निजामानेच सोसला. त्या वस्तीला आजही ‘कोठी’ हेच नाव आहे. शहरातले सावकार हळूहळू आपली दुकाने रेसिडेन्सीच्या हद्दीतील बाजारात नेऊ लागले, कारण तेथे निजामाच्या शिपायांचा हात पोहोचत नसे. पैसा कोणाच्या छायेत निर्धास्त असतो, हे सावकाराइतके अचूक कोणाला कळणार?

पुढे दिवाणपद मुनीर-उल्-मुल्क याच्याकडे नावापुरते गेले आणि सारा कारभार पेशकार राजा चंदुलाल याच्या हाती आला. १८४३ पर्यंत तो तेथे टिकून राहिला. चंदुलाल विद्वान होता, ‘शादान’ या नावाने उर्दू कविता करीत असे, आणि दानशूरपणाबद्दल त्याची ख्याती होती. पण तो टिकला तो रेसिडेंटच्या पाठबळावर, आणि या पाठबळाचे मोल त्याला एका फौजेच्या रूपाने मोजावे लागले.

१८०० च्या तहान्वये, युद्ध उद्भवल्यास निजामाने आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावयाचे होते. शांततेच्या काळात अशी फौज सज्ज ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. असे असूनही रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पलटणे उभारण्यास प्रारंभ केला. आरंभी ती ‘रसेल ब्रिगेड’ म्हणून ओळखली जात. पुढे तिचा विस्तार होऊन ‘हैदराबाद कंटिंजंट’ बनली. तैनाती फौज वेगळी आणि ही वेगळी. हिचा खर्च वर्षाकाठी चाळीस लाखांच्या घरात गेला. चंदुलालने तो कधी नाकारला नाही. निजामाच्या इतर शिपायांचे पगार महिनोन्‌महिने तुंबत, पण कंटिंजंटचा पगार वेळेवर होई.

एवढा पैसा आणावयाचा कोठून? त्याची सोय विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीने केली. युरोपियनांनी देशी राजांना कर्जे देऊ नयेत असा ब्रिटिश पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज याने (हा वॉरन हेस्टिंग्ज नव्हे) या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड. त्याची पत्नी हेस्टिंग्जने मुलीप्रमाणे वाढविलेली होती. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत असे, आणि तारणादाखल जिल्ह्यांच्या वसुलावर तनखा लावून दिल्या जात. १८२० मध्ये साठ लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने चौकशी केली, तेव्हा या कर्जाचा मोठा भाग निजामाच्या तिजोरीत कधी आलाच नव्हता, जुन्या देण्यांची नुसती बेरीज वाढविली होती, आणि रेसिडेन्सीतील काही अधिकाऱ्यांचेच पैसे पेढीत गुंतलेले होते, असे आढळले. मेटकाफने गव्हर्नर जनरलचा रोष पत्करूनही हे उघड केले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पेढीचे देणे भागविण्यासाठी निजामाला कंपनीकडून एकरकमी पैसा घ्यावा लागला, आणि त्याच्या बदल्यात उत्तर सरकारांबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची सोडावी लागली. पेढी थोड्याच दिवसांत बुडाली. कंटिंजंट मात्र राहिली.

पुढच्या तीस वर्षांत तिच्याच पगारापोटी निजामाच्या नावे पुन्हा कर्ज साचले. १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने ते चाळीस लाखांहून अधिक असल्याचे सांगून मुलखाची मागणी केली. शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन तहाने निजामावर घातलेले नाही, हे खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केले होते. सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांच्या अबकारीचे उत्पन्न इंग्रजांनी वर्षानुवर्षे घेतले, ते वजा करा, असे निजामाचे म्हणणे होते. ते ऐकले गेले नाही. २१ मे १८५३ रोजी तहावर सही झाली आणि वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवचा प्रदेश इंग्रजांच्या हवाली झाला. पाच दिवसांनी दिवाण सिराज-उल्-मुल्क वारला, आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला.

सालारजंगाने हातात घेतलेली तिजोरी रिकामी होती. त्याने वसुलाचे मक्ते मोडले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, पगार वेळेवर देण्यास प्रारंभ केला. चंदुलालशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. तरीही शहर त्याच्याकडे संशयानेच पाहत होते, आणि त्याला कारण होते १८५७. त्या वर्षी १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. सालारजंगाने रेसिडेंटला आगाऊ सूचना दिली होती. हल्ला फसला, तुर्रेबाज खान पुढे मारला गेला, मौलवीची रवानगी अंदमानात झाली. १८५९ मध्ये रेसिडेंटसमवेत दरबारातून बाहेर पडताना सालारजंगावर गोळी झाडली गेली, १८६८ मध्ये पुन्हा तसा प्रयत्न झाला. निजाम अफझल-उद्दौला यालाही हा दिवाण नकोसा होता. १८६१ मध्ये त्याला काढण्याचा बेत रेसिडेंटच्या विरोधामुळे बारगळला.

इंग्रजांच्या निष्ठेचे बक्षीस १८६० मध्ये मिळाले. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब आणि धाराशिव परत आले, सुरपूरचा मुलूख भर म्हणून मिळाला. पण वऱ्हाड आले नाही. आणि या तहात एक कलम असे होते, की वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. खर्च भागून शिल्लक उरल्यास ती मिळेल, पण ती किती उरली हे इंग्रज सांगतील तेच खरे. सालारजंगाच्या कारकिर्दीतील सर्वांत घातक ओळ कोणती असे विचारले तर ती हीच म्हणावी लागेल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडची काळी जमीन सोने पिकवू लागली, ती नेमकी त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत. १८५३ चे मूळ कर्ज नीट हिशेब केला असता जवळजवळ उरतच नव्हते, अशी कबुली रेसिडेंट डेव्हिडसनने १८६० च्याच सुमारास दिली होती. परंतु तिचा उपयोग आता कोणाला होणार होता?

यानंतर चित्र उलटले. १८६९ मध्ये अडीच-तीन वर्षांचा महबूब अलीखान गादीवर आला आणि सालारजंग पालक म्हणून राज्य पाहू लागला. त्याने वऱ्हाड परत मागण्याचा ध्यासच घेतला. १८७६ मध्ये तो इंग्लंडला गेला. तेथे त्याचा मोठा सन्मान झाला, ऑक्सफर्ड विद्यापीठाने पदवी दिली. वऱ्हाडचा प्रश्न मात्र अल्पवयीन निजाम सज्ञान होईपर्यंत लांबणीवर टाकण्यात आला. ज्या माणसाच्या निष्ठेवर १८५७ मध्ये दक्षिण हिंदुस्थानातील इंग्रजी सत्ता विसंबून राहिली, तोच आता व्हाइसरॉय लॉर्ड लिटनला धोकादायक वाटू लागला. १८७७ मध्ये त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा प्रतिस्पर्धी रशीदुद्दीन खान याला सहपालक नेमण्यात आले. त्याचा इंग्रज चिटणीस ऑलिफंट याला हैदराबाद सोडावे लागले. हैदराबादच्या बाजाराने ज्याला इंग्रजांचा माणूस ठरविले होते, त्याला सिमल्याने निजामाचा माणूस ठरविले. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे होते. सालारजंगाला हैदराबादचे राज्य वाचवावयाचे होते, आणि ते इंग्रजांच्या आधाराशिवाय वाचणार नाही अशी त्याची समजूत होती. रोहिल्यांनी त्याच्या निष्ठेवर संशय घेतला. १८६० च्या त्या कलमावर कोणी संशय घेतल्याचे दिसत नाही. ते कलम दरबाराबाहेर फारसे कोणी वाचलेच नसावे.

८ फेब्रुवारी १८८३ रोजी सालारजंग वारला. निजाम सज्ञान झाला, पण वऱ्हाडविषयीचे बोलणे पुन्हा निघाले ते एकोणीस वर्षांनी, आणि तेही व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या बाजूने. १९०२ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारला दिले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडण्यात आले. त्याच वर्षी हैदराबाद कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन करण्यात आली. जिच्या पगारासाठी वऱ्हाड गेले होते, ती फौज अशा रीतीने नाहीशी झाली. वऱ्हाड निजामाकडे परत आले नाही.